शेंगा चटणी, ४० पैसे तोटा आणि कॉलेजचा उद्योजकता कोर्स

सबमिशन झालं, व्हायवा झाली, मार्कही कळले (बरे आहेत, सांगण्यासारखे काही नाहीत), त्यामुळे आता मोकळेपणाने लिहायला हरकत नाही. टीवाय बीकॉमला आम्हाला उद्योजकता हा विषय ऑप्शनल होता. मी तो घेतला कारण दुसरा ऑप्शन सकाळी सातला होता. खरं कारण एवढंच. सीनियर्स म्हणाले होते की पीपीटी करायची, चार चार्ट टाकायचे, झालं. पण त्या वर्षी (२०२४) सर बदलले आणि जुलैमध्ये पहिल्याच लेक्चरला त्यांनी सांगितलं की पीपीटीला मार्क नाहीत, सेमिस्टर संपेपर्यंत खरी वस्तू खऱ्या माणसाला विकायची आणि वही दाखवायची. डिपार्टमेंट प्रत्येक टीमला ३,००० रुपये बिनव्याजी देणार, नोव्हेंबरात परत करायचे. वर्गातली निम्मी मुलं दुसऱ्या दिवशी सातच्या लेक्चरला गेली. मी राहिले, म्हणजे उठवत नाही म्हणून राहिले.

आमची टीम चौघांची. मी बार्शीची, एक बारामतीकर, एक धनकवडीचा आणि एक कोथरूडवाली जिच्या आईला आम्ही सगळे काकू म्हणतो आणि ज्यांच्याशिवाय हा लेख दोन ओळींत संपला असता. प्रत्येकी १,००० काढले, कॉलेजचे ३,०००, असे ७,००० रुपये हातात. काय विकायचं यावर दोन आठवडे भांडलो. टी-शर्ट, टिफिन, सेकंडहँड पुस्तकं सगळं झालं, शेवटी मी घरून आणलेला शेंगा चटणीचा डबा हॉस्टेलवर तीन दिवसांत रिकामा झाला तेव्हा बारामतीकर म्हणाला, अरे हेच विकूया की. सोलापूरकडची कुटलेली शेंगा चटणी, गिऱ्हाईक म्हणजे पेठांतली एमपीएससीवाली मुलं, १०० ग्रॅमचं पाकीट ५० रुपये.

आता इथे पहिली चूक, आणि ही सगळेच करतात म्हणून सविस्तर लिहिते. सरांनी सांगितलं होतं की आधी ३० लोकांशी बोला, मग कागदपत्रांकडे बघा. आम्ही उलटं केलं. कारण लोकांशी बोलायची लाज वाटते आणि फॉर्म भरला की काहीतरी केल्यासारखं वाटतं.

तर खाण्याचा पदार्थ पाकिटात घालून विकायचा तर एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) रजिस्ट्रेशन लागतं. तेव्हा (२०२४ मध्ये) वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर बेसिक रजिस्ट्रेशन पुरायचं, वर्षाला १०० रुपये फी होती, फॉसकॉस नावाच्या पोर्टलवर ऑनलाइन. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, एक डिक्लेरेशन, एवढंच. एजंटला फोन केला तर तो १,८०० म्हणाला. घाबरू नका, स्वतः भरा, इंग्रजी फॉर्म आहे पण तासाभराचं काम आहे. मी ५ ऑगस्टला माझ्या नावाने भरला आणि पत्ता टाकला हॉस्टेलचा, कारण माझ्याकडे पुण्यातला तोच पत्ता. चार दिवसांनी क्वेरी आली की पदार्थ तयार करण्याची जागा कोणती, तिचा पुरावा जोडा. बरोबरच आहे त्यांचं, हॉस्टेलच्या खोलीत इंडक्शनसुद्धा लपवून ठेवावं लागतं, तिथे मी काय पाच किलो शेंगदाणे भाजणार होते. रजिस्ट्रेशन जिथे माल बनतो त्या जागेचं असतं हे मला तेव्हा कळलं. तो अर्ज गेला, १०० रुपये गेले. मग १२ ऑगस्टला काकूंच्या नावाने, कोथरूडच्या घराच्या पत्त्यावर, त्यांच्याच लाइट बिलासकट नवीन अर्ज. सर्टिफिकेट आलं २३ ऑगस्टला.

तोपर्यंत आम्ही ३०० स्टिकर छापून बसलो होतो. आप्पा बळवंत चौकाजवळ एकाकडून, ३ रुपयाला एक. सुंदर छापले होते, वर सुपाचं चित्र. फक्त त्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर नव्हता कारण नंबरच आलेला नव्हता. पॅकिंगची तारीख लिहायला जागा नव्हती. शेंगदाणा अ‍ॅलर्जीची सूचना नव्हती. ‘एमआरपी ५०’ होतं पण ‘सर्व करांसहित’ नव्हतं. धनकवडीवाला म्हणाला पेनने लिहू. सरांनी एक स्टिकर हातात घेऊन दोन मिनिटं नुसतं बघितलं आणि परत दिलं, काही बोलले नाहीत. ९०० रुपये पाण्यात. ७,००० मधले ९००, आणि अजून एक शेंगदाणाही विकत घेतला नव्हता. तुम्ही करणार असाल तर नंबर येईपर्यंत प्रिंटरच्या दुकानासमोरून जाऊसुद्धा नका.

उद्यम रजिस्ट्रेशनही (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केलं, ते सरांच्या यादीत होतं म्हणून. ते पूर्ण फुकट आहे आणि आधार ओटीपीवर पंधरा मिनिटांत होतं, पण सर्च केलं की पैसे मागणाऱ्या खासगी साइट्स दिसतात ज्या अगदी सरकारी वाटतात, तेव्हा पत्त्यात जीओव्ही डॉट इन आहे का एवढं बघा. आमचं पंधरा मिनिटांत झालं नाही कारण काकूंच्या आधारला जुना मोबाइल नंबर होता. तो बदलायला तेव्हा आधार केंद्रात स्वतः जावं लागायचं, फी ५० रुपये होती, आणि आमच्या नशिबी अडीच तास रांग. काकू त्या रांगेत माझ्याकडे बघून म्हणाल्या, “अगं, चटणीच करायचीय ना आपल्याला, का विमान उडवायचंय?”

सर्टिफिकेटची वाट बघत असताना मात्र लाज सोडून लोकांशी बोलायला गेलो आणि तो आठवडा मी विसरणार नाही. २५ ऑगस्टला एमपीएससीची राज्यसेवा पूर्व होती आणि त्याच दिवशी आयबीपीएसची (बँक भरतीची) परीक्षा आली होती, त्यावरून मुलं शास्त्री रोडवर ठिय्या देऊन बसली होती. आम्ही वही घेऊन नवी पेठेत फिरतोय आणि ज्यांच्याशी बोलायचं ते सगळे रस्त्यावर. बारामतीकर म्हणाला, परत जाऊ, असं बरं दिसत नाही. पण बसलेल्या पोरांनाच वेळ होता. २२ तारखेला परीक्षा पुढे ढकलली (पुढे ती १ डिसेंबरला झाली) आणि मग तर लोक भरभरून बोलले.

सरांनी एक नियम घातला होता की आपली वस्तू काय ते सांगायचं नाही आणि ‘असं मिळालं तर घ्याल का’ हा प्रश्न विचारायचा नाही, फक्त काल काय केलं, परवा काय केलं एवढंच विचारायचं. आम्ही पहिल्या दिवशी तो मोडलाच. १२ जणांना विचारलं, शेंगा चटणी ५० रुपयाला घ्याल का, ११ जण हो म्हणाले. आम्ही उड्या मारत चहा प्यायलो. (त्या अकरांपैकी नंतर दोघांनी घेतली.) दुसऱ्या दिवशी नियम पाळून विचारलं की रविवारी रात्री काय खाल्लं? कारण पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात हे बाहेरून आलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. तर उत्तरं अशी की मॅगी, वडापाव, दूध-केळी, दुपारच्या फीस्टच्या उरलेल्या पोळ्या लोणच्याबरोबर. परभणीकडचा एक दादा होता, चौथा अटेम्प्ट, तो म्हणाला, “ताई, चटणी आई देतेच की. गावाकडून डबा येतो एसटीने. पण दहा-बारा दिवसांत संपतो, रूममध्ये पाच जण आहेत. मग पुढचा डबा येईपर्यंत काही नाही.”

मी ते वहीत लिहिलं आणि रात्री वाचताना डोक्यात प्रकाश पडला. आम्ही कॅनव्हासवर (नऊ चौकटींचा तो बिझनेस मॉडेल कॅनव्हास, म्हणजे धंद्याचा एका पानावरचा आराखडा, भिंतीवर चिकटवून रंगीत कागद लावायचा, फोटो छान येतात) स्पर्धकांची नावं म्हणून मोठमोठे ब्रँड लिहिले होते. आमची खरी स्पर्धा त्याच्या आईशी होती आणि तिथे जिंकायचा प्रश्नच नव्हता. आमची जागा म्हणजे डबा संपल्यापासून पुढचा डबा येईपर्यंतचे दिवस. म्हणजे जाहिरात ‘आईच्या हातची चव’ अशी करून उपयोग नाही, ती त्यांच्याकडे आहे. नुसतं ‘डबा संपला?’ एवढं लिहून अभ्यासिकेच्या काउंटरवर बरणी ठेवायची. नवीन स्टिकरवर तेच छापलं.

त्याच दादाने अजून एक गोष्ट सांगितली. आम्हाला वाटलेलं परीक्षा पुढे गेली म्हणजे मुलं पुण्यातच राहतील, विक्री वाढेल. तो म्हणाला, “परीक्षा पुढे गेली म्हणजे खर्च पुढे गेला.” तीन महिन्यांचं जास्तीचं खोलीभाडं, मेस, अभ्यासिका. अशात ५० रुपयांची चटणी कोण घेतो? २० चं छोटं पाकीट करा, असं बरेच जण म्हणाले. आम्ही हिशोब मांडला तर पाऊच ४ आणि स्टिकर ३, हे ७ रुपये पाकीट छोटं असो की मोठं, जातातच. वीसमध्ये सात रुपये नुसतं कपड्यांनाच. ते सोडून दिलं.

पहिला घाणा २८ ऑगस्टला. शेंगदाणे मार्केट यार्डातून भुसार विभागातून ५ किलो, १३० रुपयांनी. काकूंनी मंद गॅसवर थोडे थोडे करून भाजले, मोठ्या आचेवर भाजले की बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहतात. मग फडक्यावर पसरून चोळायचे आणि सुपात पाखडायचे. मी बार्शीची असून मला पाखडता येत नाही हे तिथे उघड झालं, साल माझ्याच केसांत. लसूण सोलायला आम्ही चौघं. कुटायचं खलबत्त्यातच, मिक्सरला लावली की गरम होऊन लगदा होतो, कुटली की तेल सुटतं पण दाणा राहतो, जिभेला लागतो. सकाळी नऊला बसलेल्या काकू तीनला उठल्या. ५० पाकिटं झाली.

त्या तेलानेच घात केला. बोहरी आळीतून २ रुपयांचे पातळ पाऊच आणले होते, १०० नग. तिसऱ्या दिवशी पाकिटाच्या शिवणीतून तेल झिरपून स्टिकर पारदर्शक झालेले, आणि ज्या किराणावाल्याकडे १४ ठेवली होती त्याने सगळी परत दिली, शेजारच्या बिस्किटांना डाग पडले म्हणून वर दोन गोष्टी ऐकवल्या. मग ४ रुपयांचे जाड पाऊच आणि सीलिंग मशीन काकूंच्या शेजारणीचं उसनं. उरलेली ३६ पाकिटं आम्ही परत भरली. परत आलेली १४ आम्ही विकली नाहीत, वास ठीक होता पण धीर झाला नाही.

मग ७ सप्टेंबरला गणपती बसले आणि दहा दिवस आमचा धंदाही बसला. पेठांत गाडी जात नाही, चालत जावं तर पिशवी घेऊन गर्दीत चेंगराचेंगरी, अर्धी मुलं गावाला. कॅलेंडर न बघता प्लॅन केला की असं होतं. पितृपक्षात नवीन काही सुरू करायचं नाही असं काकूंच्या सासूबाईंचं मत पडलं, पण चटणी आधीच सुरू झालेली आहे या मुद्द्यावर त्यांना पटवलं आणि २१ सप्टेंबरला दुसरा घाणा झाला. तिसरा ५ ऑक्टोबरला. तोपर्यंत स्वारगेटची भुयारी मेट्रो सुरू झाली होती (२९ सप्टेंबर) आणि कोथरूडहून मंडईला पिशव्या घेऊन येणं एकदम साहेबी झालं, त्या आधी मी पीएमपीएमएलमध्ये चटणीची पिशवी मांडीवर घेऊन आख्ख्या बसला भूक लावायचे.

विक्री चालली होती. तीन अभ्यासिका, दोन किराणा दुकानं, त्यांना पाकिटामागे २० टक्के म्हणजे १० रुपये, आणि बाकी आमच्या हातून. आम्ही खूश होतो. शीटवर पाकिटाचा खर्च २५ रुपये ४० पैसे लिहिलेला, ५० ला विकतोय, दुप्पट! १४ ऑक्टोबरला मिड-रिव्ह्यू होता आणि कोथरूडवालीने मोठ्या ऐटीत शीट लावलं. शेंगदाणे ६५०, लसूण अर्धा किलो १५०, तिखट ९०, मीठ-जिरं ३०, पाऊच-स्टिकर ३५०. एकूण १,२७०, भागिले ५०.

सर म्हणाले, “गॅस?”

घाण्याला ५० धरला. १ रुपया.

“पोहोचवायला?”

पेट्रोल, बस मिळून १००. २ रुपये.

“आणि काकूंची मजुरी कुठंय?”

कोथरूडवाली म्हणाली, सर, माझी आई आहे ती. सर म्हणाले, माहितीये, पण उद्या त्या म्हणाल्या माझा हात दुखतोय तर बाई लावाल ना, ती किती घेईल? आम्ही एकमेकांकडे बघितलं. तासाला १०० तरी. सहा तास, ६०० रुपये, पाकिटामागे १२. सरांनी फळ्यावर बेरीज केली आणि ४० रुपये ४० पैसे आले. दुकानात ठेवलं की आमच्या हातात ४० येतात. म्हणजे प्रत्येक पाकिटामागे ४० पैसे तोटा, आणि आमची निम्म्याहून जास्त विक्री दुकानांतून. जितकं जास्त विकू तितकं जास्त बुडू, आणि आम्ही अजून एक दुकान शोधत होतो.

वर्गात हसू आलं सगळ्यांना, मलाही आलं, पण घरी जाताना कोथरूडवाली एक शब्द बोलली नाही. मग डेक्कनला उतरताना म्हणाली, “आईला मी विचारलंच नाही गं, करशील का म्हणून. सांगितलं फक्त.” मी माझ्या आईचा विचार करत होते. बार्शीत आमच्याकडे दर उन्हाळ्यात पापड-कुरडयांच्या ऑर्डरी असतात आणि बाबा सांगतात, आमच्या हिला आवड आहे. आवडीचा दर काय असतो ते आम्ही कुणी कधी काढलंच नाही.

नंतरचं पटकन सांगते. ऑक्टोबर अखेर लसूण ३०० वरून ४०० झाला, पाकिटामागे आणखी १ रुपया वाढला. एमआरपी ६० करायचं ठरलं पण नवीन स्टिकर छापायला पैसे नाहीत आणि जुनी एमआरपी खोडून वाढवायची नसते, म्हणून ५० लाच राहिलो. किंमत स्टिकरवर छापताना दोनदा विचार करा, किंवा किंमतीची जागा रिकामी ठेवून शिक्का मारा, आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. दोनपैकी एक किराणा बंद केलं, जिथे उधारी अडकत होती. त्याच्याकडे १२ पाकिटांचे ४८० रुपये अजून येणं आहेत, दर वेळी “मॅडम, शेठ बाहेर गेलेत” आणि शेठ आत चहा पिताना दिसतात. उधारी वसूल करणं हा विषय सिलॅबसमध्ये नाही पण असायला हवा, मी पहिल्यांदा गेले तेव्हा पैसे न मागता त्यांच्याकडूनच पारले-जी घेऊन परत आले. दिवाळीत सगळं ठप्प. दिवाळीनंतर मुलं लवकर परतली, १ डिसेंबर डोक्यावर होता ना, आणि ९ नोव्हेंबरचा पाचवा घाणा चार दिवसांत संपला, तोही जवळजवळ सगळा थेट आमच्या हातून. परभणीवाल्या दादाने एकदम तीन घेतली. डबा आला नव्हता त्याचा.

२० ला मतदान होतं म्हणून प्रेझेंटेशन २२ नोव्हेंबरला गेलं. वही अशी होती: ५ घाणे, २५० पाकिटं. १४ परत आलेली, ९ चवीसाठी वाटलेली, ११ चा हिशोब लागत नाही (लागतो, पण आम्ही चौघंही कबूल करत नाही). विकली २१६, त्यात हातोहात ९२ आणि दुकानांतून १२४. हातात आले ९,०८० रुपये, ४८० येणं. वाया गेलेल्या स्टिकर, पाऊच, पहिल्या अर्जाच्या १०० सकट खर्च ८,५५०. शिल्लक ५३०. कॉलेजचे ३,००० त्याच दिवशी परत केले आणि सही घेतली, ही सही जरूर घ्या.

फक्त त्या ८,५५० मध्ये काकूंचे ३,००० नव्हते. रिव्ह्यूनंतर शीटवर एक ओळ वाढवली होती, देणं म्हणून, आणि सरांनी विचारलं की हे देणार आहात की नुसतं लिहिलंय. बारामतीकर म्हणाला देणार. कसे, ते कुणालाच माहीत नव्हतं. शिल्लक ५३० आणि वर प्रत्येकी ६१७ रुपये ५० पैसे काढले, म्हणजे प्रत्येकाने घातलेल्या १,००० पैकी ३८२ रुपये ५० पैसेच परत मिळाले असं समजा.

रविवारी पैशांचं पाकीट घेऊन चौघं काकूंकडे गेलो. त्यांनी आधी हात मागे घेतला, “पोरांकडून पैसे घेऊ होय मी? वेड लागलंय का तुम्हाला.” आम्ही टेबलावर ठेवलं, त्यांनी फ्रिजवर ठेवलं, आम्ही परत हातात दिलं. मग त्यांनी पोहे केले, पोहे खाऊन झाले, विषय संपला असं वाटलं. निघताना मी चपला घालत होते तेव्हा आतून नोटा मोजल्याचा आवाज आला. काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “पुढच्या वेळी सहा तासांचे नाही, आठ तासांचे धरा. भांडी कोण घासतं नंतर?”

एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन आम्ही एकाच वर्षाचं घेतलं होतं. कोथरूडवाली म्हणत होती आता काय करायचंय पुढे. काकूंनी सर्टिफिकेटची प्रिंट काढून लॅमिनेट करून आणलीय.